लढाई नसलेला खेळ

हिंदमाताच्या त्या कापडाच्या दुकानात हिरव्या बनातीचा एकच तुकडा उरला होता. एक टोक माझ्या हातात, आणि दुसरं एका उंच, सावळ्या मुलाच्या.

"सोडा ना," मी म्हटलं. "मला यावर राज्य मांडायचंय."

तो गोंधळला, मग हसला. "मला आजोबांच्या पे... पेटीला खोळ शिवायचीय."

"आजोबा थांबतील की!"

"आणि राज्य नाही थांबणार?"

दुकानदाराने वैतागून कात्री चालवली. निम्मं निम्मं!

बाहेर येऊन त्याने विचारलंच, कसलं राज्य? मग मला सांगावं लागलं. मी अनुजा त्रिलोकेकर, गिरगावची. दर शनिवारी दुपारी दादरला अक्षताच्या घरी आम्ही मित्रमंडळी भूमिकांचा खेळ खेळतो. प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं, कोणी वैद्य, कोणी हेर. गोष्ट मी चालवते, आणि पुढे काय होईल याची खात्री नसली की वीस पैलूंचा फासा टाकायचा. मारामारीचे नियम पुस्तकात पानंच्या पानं. पण रुसलेल्या राणीची समजूत काढायची असेल तर? जेमतेम अर्धं पान! म्हणून मीच नियम लिहायला घेतले होते.

"म्हणजे भांडण न करता जिंकायचं?" तो म्हणाला. "मुंबईत?"

"येऊन बघ ना."

आणि उन्मेष कर्णिक खरंच आला.

त्या दिवशी तो नावाडी झाला. गोष्टीत पूर आला होता, गाव पलीकडे न्यायचं होतं, आणि एकुलती एक होडी होती आनंदीबाई नावाच्या खमक्या कोळणीची. आनंदीबाई अर्थात मीच. माझा नियम साधा होता... जे मागायचं ते पात्राच्या तोंडून, स्वतः बोलून मागायचं. बोलणं जितकं ठसकेबाज, तितके जास्तीचे गुण.

"आनंदीबाई," उन्मेष म्हणाला, "तुमची हो... हो..."

शब्द अडकला. त्याने डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. शेजारी बसलेल्या निलेशने, अगदी प्रेमाने, त्याचं वाक्य पुरं केलं, "होडी द्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उन्मेषसुद्धा हसला. पण त्यानंतर दोन तास तो एक अक्षर बोलला नाही, आणि ड्युटी आहे म्हणून लवकर उठला. परळच्या एका हॉस्पिटलात तो एक्स-रे काढायचा.

मला इतकी लाज वाटली! खेळातल्या तलवारी मी काढून घेतल्या होत्या, आणि जीभ तेवढी ठेवली होती. ज्याची चालते त्याने जिंकावं.

घरी पोचून मेसेज केला, 'नियम चुकला माझा. सॉरी.'

उत्तर आलं, 'नियम छान आहे. बोलणाऱ्यांसाठी.'

'मग बाकीच्यांसाठी तू लिही. मी येते.'

तो शीवला राहायचा. रविवारी सकाळी शीवच्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर आम्ही वही उघडून बसलो.

"काय हवंय ते सांगायचं," तो म्हणाला. "का हवंय... आणि त्यासाठी काय सोडायची तयारी आहे. बस्स. बोलून, लिहून, हा... हातवारे करून, कसंही. मग फासा. फाशाला भाषण कळत नाही."

"आणि कोणी कोणाचं वाक्य पुरं करायचं नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

एका रविवारचे तीन झाले. समजूत काढायचे नियम झाले, माफी मागायचे झाले, शोकसभेचेसुद्धा झाले.

"आणि प्रेमात पाडायचे?" मी पेन चावत विचारलं. "समजा, राजाला राणी हवीय."

"अवघड. फाशावर अठराच्या वर पडायला हवेत."

"आणि राणी आधीच थोडी... कलली असेल तर?"

त्याने घाईघाईने वहीत डोकं घातलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'परिस्थितीनुसार सूट.'

पुढच्या शनिवारी नवे नियम टेबलावर आले. उन्मेषने चिठ्ठी लिहून आनंदीबाईपुढे सरकवली, 'होडी द्या. गावात माझी बहीण आहे. बदल्यात दोन वर्षं तुमची जाळी विणीन.' मला तर गहिवरून आलं, पण नियम तो नियम. त्याने फासा टाकला. तीन! आनंदीबाईंनी साफ नकार दिला.

निलेशने कपाळावर हात मारला. आणि उन्मेष... पोट धरून हसत सुटला.

"हरलो!" तो म्हणाला. "फा... फाशामुळे हरलो! तुम्ही हरता तसा!"

खेळ संपल्यावर आम्ही दोघं चालत निघालो. ऊन उतरलं होतं. सिग्नलपाशी तो थांबला.

"अनुजा, खरं सांग. हे सगळं... की... कीव म्हणून केलंस?"

मला रागच आला. "कीव आली असती तर एक नियम खोडला असता नि विसरले असते. तीन तीन रविवार आठच्या आत गिरगावातून शीवला कोण येतं रे?"

"मग?"

"मग काय... आवडतोस तू मला."

सिग्नल सुटला. दोघंही जागचे हललो नाही.

"मी सहालाच येऊन बसायचो," तो हळूच म्हणाला. "तू येशील की नाही... झोपच लागायची नाही." आणि त्याचा हात माझ्या हातात आला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आई. पलीकडचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता. कुठे आहेस, कोणाबरोबर?

"अनुजाबरोबर."

"कोण अनुजा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उंचावल्या.

"घरी घेऊन येतो," तो म्हणाला. "आत्ताच. जेवायला."

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला. मग प्रश्न आला. त्याने फोनवर हात ठेवला आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "विचारतेय, मासे खातेस का?"

मासळीवर पोसलेल्या पाठारे प्रभूंच्या मुलीला हा प्रश्न! मी सरळ फोनच काढून घेतला.

"काकू, नमस्कार. खाते. डोकंसुद्धा खाते."

पलीकडून मोठ्ठं हसू आलं. "मग ये गं बाई. त्याचं डोकं नंतर खा, आधी सुरमईचं खाऊन जा."