चिखलदऱ्याचा घाट आणि दोन बोल्ट

माणसाने डोंगर का चढावा, या प्रश्नाने भल्याभल्यांना छळलं आहे. आमच्यापुरतं उत्तर सोपं होतं. चिखलदऱ्याला जाऊन कॉफी प्यायची होती.

पोळ्याच्या दिवशी पहाटे परतवाड्याजवळच्या आमच्या गावाहून मोहीम निघाली. सदस्य दोन : मी आणि माझा मित्र धर्मेंद्र, ज्याची सायकल जुनी, पण आत्मविश्वास नवाकोरा. अट एकच, माझ्या बायकोने घातलेली. आमची बैलजोडी गेल्या वर्षी विकली. पोळ्याच्या तोरणाखालची आमच्या घराची जागा मात्र आजोबांपासूनची. ती रिकामी राहू नये म्हणून यंदा तिथे माझी नवी सायकल उभी राहणार होती.

"चार वाजता तोरणाखाली सायकल पायजे," कौशल्या म्हणाली. "नाई आली, तं उद्यापासून तुमी पायी."

आदल्या दिवशी मागच्या चाकाची डिस्क ब्रेकला घासत होती. सर्र, सर्र, सर्र. धर्मेंद्रने पाच व्हिडिओ पाहून उपचार केला : कॅलिपरचे, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याचे, दोन बोल्ट ढिले करायचे, ब्रेक दाबून धरायचा, बोल्ट आवळायचे. संध्याकाळपर्यंत घासतच होती. सकाळी मात्र आवाज साफ बंद!

"पाह्यलं?" धर्मेंद्र म्हणाला. "बोल्टाले रातभर आराम लागते."

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागाची ओली, परातीएवढी पानं, वळणावळणाला रस्त्यावर उतरलेले ढग, आणि त्या ढगांतून येणारा धर्मेंद्रच्या धापांचा आवाज. चढावर ब्रेक कोणी दाबत नाही. आम्हीही दाबला नाही. वर पोचलो, दरीचे फोटो काढले आणि बारा वाजता परत फिरलो.

पहिलं वळण! ब्रेक दाबला. दाबला गेला, लागला नाही! पुढचा दाबला. तोही तसाच! डावीकडे दरी! उजवीकडे डोंगर! समोर रस्त्याच्या मधोमध माकडं, सहकुटुंब! दोन्ही बूट रस्त्याला टेकवले. सोल जळाल्याचा वास आला. माकडांनी वाट दिली. तरोट्याच्या झुडपाने दिली नाही.

"मेला का बे?" वरून धर्मेंद्र ओरडला.

"नाई!"

"मंग पाना काढ."

त्याने बोल्ट ढिले केले, आवळले. तीनदा. मग वाकून डिस्कचा वास घेतला.

"शाम्या, तुह्या सायकलले शिऱ्याचा वास येऊन राह्यला."

एका दगडावर चढल्यावर फोनला रेंज आली. घरी विचारलं.

"मीच लावलं," कौशल्या म्हणाली. "काल खांदशेकणी नव्हती का?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. बैल नव्हते. सायकल होती.

"अवं, पण त्या तबकडीले काहून?"

"तुमीच तं दिवसभर बोंबलत होते, तिथं घासते म्हणून! जू जिथं घासते तिथंच तं लावतेत. पुढच्या चाकालेही लावलं. एकाच खांद्याचे लाड कायले?"

आयुष्यात पहिल्यांदा धर्मेंद्रकडे व्हिडिओ नव्हता.

शर्टाने पुसून पाहिलं. ब्रेकचे पॅड तूप पिऊन तृप्त बसले होते. सणाचा दिवस, रस्त्यावर एक गाडी नाही. चालत गेलो तर चार काय, सहा वाजतील. शेवटी रस्त्यात पडलेली सागाची एक दणकट फांदी स्पेअर ट्यूबने सीटखाली बांधली. उतार आला की फांदी मागे घासायची, सायकल कण्हत कण्हत हळू व्हायची. वळण! फांदी! वळण! फांदी! एकदा ट्यूब ताणली गेली आणि फांदी येऊन पाठीत बसली. पण सुटली नाही!

चारला दहा कमी असताना आम्ही गावात शिरलो. बैलांचे कासरे धरून उभे असलेले शेजारचे पुंजाजी मागे फरफटणारी फांदी पाहून म्हणाले, "शाम, वखर बी घेऊन आला का?"

दोन बैलजोड्यांच्या मध्ये सायकल उभी राहिली. कौशल्याने हँडलला कुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पुंजाजींच्या बैलाने मान वळवून मागची डिस्क चाटून लख्ख केली. ब्रेक तरीही लागला नाही.

कॉफी कशी होती, असं लोक अजून विचारतात. पोळ्यामुळे हॉटेल बंद होतं.