ट्रूडीचा पेला

ओस्करसाहेब सोसुआच्या डेअरीत दुधातली मलई मोजतात. मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. नाझींच्या तावडीतून सुटून ते व्हिएन्नाहून कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या बेटावर आले, तेव्हा गावानं त्यांना केळी दिली, एक खेचर दिलं आणि मी मागची खोली दिली. उकडलेल्या केळ्याला ते लोणी फासायचे. आम्ही हसायचो, मग तेही हसायचे.

बायको हर्मिना आणि सहा वर्षांची ट्रूडी तिकडेच अडकल्या होत्या. पत्रं यायची. मग वर्षभर एकही आलं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की नऊ दिवस पाण्याचा पेला भरून ठेवतात. वाटेत तहान लागते. मी न विचारता हर्मिनाच्या फोटोपुढे तो ठेवला. चुकलंच माझं.

"कासिल्दाबाई, ती जिवंत आहे! उचला ते!"

"पाणीच आहे, साहेब. तुमचं काय खातंय?"

सकाळी पाणी बोटभर उतरलेलं.

"उकाड्यानं उडालं," साहेब म्हणाले. त्यांनी पेला पुन्हा भरला, डेअरीतल्या पेन्सिलीनं काचेवर रेघ मारली, वर बशी झाकली. दुसऱ्या सकाळी पुन्हा बोटभर कमी. तिसऱ्या सकाळीही तेच. ते खाटेवर बसून राहिले. त्या दिवशी कामावर गेले नाहीत. नऊ दिवस सरले, तरी त्यांनी तो पेला मला उचलू दिला नाही.

मग त्यांनीच एक छोटा पेला भरला. रेघ मारली, बशी झाकली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवला.

"हा ट्रूडीचा."

आठ दिवस पाणी रेघेवरून हललं नाही.

"बघा, बाई! एक थेंब नाही! माझी पोर आहे. कुठंतरी आहे." मला रडू आलं. साहेब शीळ घालत अंघोळीला गेले.

नवव्या दिवशी ते अंधारातच उठून अंघोळीला गेल्यावर मी दिवा घेऊन झाडायला आत शिरले.

खिडकी रिकामी होती.

छोटा पेला फोटोपुढे होता, मोठ्याला टेकून. बशी जागच्या जागी.

पाणी अर्धं बोट उतरलेलं.

बाहेर शीळ चालू होती. मी पेला रेघेपर्यंत भरला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

लढाई संपून दोन वर्षं झाली. साहेब रोज रेघ बघतात आणि खुशीत कामाला जातात. त्याआधी, ते अंधारातच अंघोळीला गेले की मी पेला खिडकीत परत नेते, भरते.

हल्ली पाणी जास्त लागतं. वाढत्या वयाची पोर आहे.