रान खाली आहे

चष्मा विसरणं ही काही घाबरण्यासारखी गोष्ट नव्हे. विमलताई तर आठवड्यातून तीनदा विसरत. पण त्या रविवारी त्या जयपूरबाहेर कानोत्याजवळच्या ठाकूरसाहेबांच्या रानात विसरल्या, आणि सूर्य बुडायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती.

रान ठाकूरसाहेबांच्या स्वतःच्या मालकीचं. वीस वर्षं त्यांनी तिथे ना कुऱ्हाड लागू दिली, ना शेळी शिरू दिली. तीन वर्षांपूर्वी एक पायवाट तेवढी सगळ्यांना फुकट खुली केली. अट एकच: येताना वहीत सही, जाताना सही, आणि सूर्यास्ताला रान रिकामं. एक माणूस जरी आत राहिला, तर दुसऱ्या दिवसापासून फाटक सगळ्यांनाच बंद. ठाकूरसाहेब एकदा बोलले की बोलले.

विमलताईंचे यजमान हिंदुराव मोहिते मूळचे साताऱ्याकडचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मुरलीपुऱ्यातल्या घरात आता त्यांना कोणी काही विचारत नसे. रानात मात्र चौकीदार भंवरलाल सलाम ठोकायचा. त्या फाटकावर त्यांचा जीव होता, आणि ही गोष्ट त्यांनी विमलताई सोडून सगळ्यांना सांगितली होती.

"तू इथंच थांब, मी आणतो," म्हणून ते भंवरलालबरोबर परत आत शिरले.

चष्मा राहिला होता जुन्या बावडीजवळच्या बाकावर. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, आता कोरडी ठणठणीत, पायऱ्या ढासळलेल्या. ऊन उतरलं तसे मोर गप्प झाले. कुठूनतरी ओल्या मातीचा वास येऊ लागला. पाऊस होऊन तर सात महिने उलटले होते.

भंवरलालनं काठी आपटली, तोंडाशी हात धरला आणि नेहमीप्रमाणे हाक मारली. "कोई है?"

बावडीतून सावकाश उत्तर आलं. "खाली हाय..."

"सुना, साबजी? तीन साल से रोज यही बोलती है, खाली है. गूँज है, पर ईमानदार है." भंवरलाल समाधानानं फाटकाकडे वळला. हाक एक आणि प्रतिध्वनी भलताच, हे काही त्याच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

हिंदुरावांचे पाय मात्र जागीच खिळले. ते 'है' नव्हतं. चांगलं ठसठशीत 'हाय' होतं, साताऱ्याकडचं. रान रिकामं असल्याचं कोणी सांगतच नव्हतं. कोणीतरी खाली होतं.

"कोण हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी... वर घ्या..."

हिंदुरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याहून मोठा काटा आला तो फाटकाच्या विचारानं. एक माणूस आत, म्हणजे उद्यापासून सगळं बंद. शाळेच्या पोरांच्या सहली बंद, सलाम बंद. उभ्या नोकरीत शेवटचा डबा बघितल्याशिवाय त्यांनी हिरवा झेंडा हलवला नव्हता. काय करावं सुचेना, तेव्हा जुनी सवय मदतीला धावली.

"वहीत सही केलीय का?"

 मग अगदी दबक्या आवाजात, "वही नव्हती तवा..."

हिंदुरावांचा जीव भांड्यात पडला. "मग तुम्ही आत नाहीच. सहीशिवाय कोणाला वर घेता येत नाही. नियम आहे."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण खालून कोणी हुज्जत घातली नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. ते जे पळत सुटले, ते गुडघा दुखतो हे त्यांना फाटकाशी आल्यावरच आठवलं. चष्मा बाकावरच राहिला.

"सब खाली, साबजी?" कुलूप हातात घेऊन भंवरलालनं विचारलं.

"खाली है," हिंदुराव म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. मराठीत तरी नाही.

विमलताई घरापर्यंत स्कूटरवर चष्म्याबद्दलच बोलत आल्या. तळमजल्याचं घर भाडेकरूविना दोन महिने बंद होतं, त्याच्या दारावरून जिना चढून दोघं वर आली. सून अनुश्री जयपुरातच वाढलेली. तिनं चहा ठेवला, आणि चहाशेजारी चष्मा.

"आई, हा तुमचाच ना? मतलब, खालच्या नव्या भैयांनी आत्ता दिला. जिन्यात अंधार होता, नुसता हात दिसला. मी विचारलं, आप कौन? तर म्हणाले, खाली है. मला वाटलं, खाली राहायला आलोय असं म्हणताहेत."

विमलताईंनी चष्मा उचलला. काचांवर ओली माती होती. खालच्या घराची किल्ली खिळ्याला होती तशीच लटकत होती.

हिंदुराव उठले आणि त्यांनी जिन्याचं दार लावलं. कडी नीट बसेना.

दाराच्या पलीकडून कोणीतरी अगदी अदबीनं विचारलं, "सही कुठं करायची?"