खोडलेली ओळ बेचाळीस

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर शेवट बरा केला असता.

मार्चमधला रविवार. दुपारचे अडीच. शाहूपुरीतली आमची लॅब. शटर आतून ओढलेलं, मी एकटी.

काम कटकटीचं. कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालेनासं झालंय, त्याची महिन्याची यादी पाठवायची. ती बघून शेजारचं हॉस्पिटल पेशंटचं पहिलं इंजेक्शन ठरवतं.

नियम असा, की एका पेशंटचा पहिलाच नमुना मोजायचा. पुढचे खोडायचे.

४१. बायडाबाई, राधानगरी. पहिलं इंजेक्शन चालतं.
४२. बायडाबाई, राधानगरी. एकही औषध चालत नाही.

हा दुसरा रिपोर्ट झाला तोवर बाई शेजारच्या हॉस्पिटलात, त्याच पहिल्या इंजेक्शनवर वारल्या होत्या. तो न्यायला कुणी आलंच नाही.

मी ४२ खोडली.

पाणी प्यायले. वळले…

४२. बायडाबाई, राधानगरी. एकही औषध चालत नाही.

पुन्हा खोडली. पुन्हा आली.

लॅबचे प्रमुख विजयसिंह सर, त्यांना फोन लावला.

"क्रांती, रविवारी तरी जेवू दे की! कॉम्प्युटर बंद करून चालू कर."

केला. ओळ तिथेच.

मग काउंटरच्या काचेवर टकटक…

"पोरी, माझा रिपोर्ट झाला न्हाय व्हय?"

बाहेर कुणी नाही.

टेबलावर बायडाबाईंचे जंतू वाढवलेली प्लेट होती. शुक्रवारी मीच ती फेकली होती. औषधाच्या प्रत्येक चकतीला जंतू चिकटून वाढलेले. औषध चाललं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं; इथे एकही नाही.

"माझ्या शेजारच्या खाटंवरच्या बाळंतिणीला बी त्येच टोचाय लागल्यात."

आता आवाज माझ्या मागे होता…

मी वॉर्डला फोन केला. बाळंतीण होती. वर्षाराणी. चार दिवस ताप. इंजेक्शन तेच.

"बदला ते!"

"तुमच्याच यादीत चालतं लिहिलंय की, मॅडम. लेखी द्या. तोंडी कायबी बदलत न्हाय आमी."

बायडाबाईंचा रिपोर्ट घ्यायला धावले.

ट्रे रिकामा.

रजिस्टरमध्ये 'रिपोर्ट मिळाला'समोर अंगठा…

शाई ओली.

फोन वाजला. वॉर्डमधूनच.

"मिळाला हो रिपोर्ट. म्हातारी देऊन गेली. बदललं इंजेक्शन, यादीबाहेरचं राखीव सुरू केलं."

त्याच आठवड्यात ताप उतरून वर्षाराणी बाळ घेऊन घरी गेली.

सरांना सगळं सांगितलं. "मोजणीत बसत न्हाय ते बसत न्हाय," म्हणाले, आणि त्यांनी स्वतः ४२ खोडली. एका फटक्यात गेली. यादी रवाना.

यादीत ते इंजेक्शन अजून चालतं.

या महिन्यात मी एकवीस ओळी खोडल्यात. प्रत्येक खोडली की हात थांबतो. स्क्रीनकडे बघत बसते…

एकही परत येत नाही.