ट्रीनाच्या नावाने केलेला फोन

या मायबापहो, जवळ सरकून बसा. भय घरातल्या घरात कसं वाढतं, त्याची गोष्ट सांगतो.

मिशिगन सरोवराकाठच्या आमच्या गावात खुर्च्यांचा कारखाना बंद पडला आणि ट्रीना हूक्स्ट्रा राज्याच्या बेकारी भत्त्यावर आली. दर सोमवारी फोन करायचा, आपला गुप्त आकडा दाबायचा, सरलेल्या आठवड्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. फोन चुकला की त्या आठवड्याचा भत्ता बुडाला.

भत्ता-कचेरीतून निवृत्त झालेली नेला लोकांची अडलेली प्रकरणं सोडवायची. एके सोमवारी ट्रीना कचेरीचं पत्र घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी सव्वाआठला, माझ्या नावानं कुणीतरी फोन केला, नेलाबाई! मी मुलाखतीला निघाले होते, बसमध्ये होते. 'कामाला तयार होतात का?' याला 'नाही' सांगितलंय. भत्ता बंद. अपिलाची मुदत आज पाचपर्यंत." तिचा आवाज खोल गेला. "आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे. म्हणजे तो माणूस माझ्याच घरात आहे. पत्र मी कुणाला दाखवलंसुद्धा नाही."

"भाडेकरूच!" नेलाचा भाऊ वीबे म्हणाला.

"तू टोपी घाल आणि चल," नेला म्हणाली. तिघं ट्रीनाच्या घरी गेली.

भाडेकरू ड्वेन त्याच कारखान्यातला, त्याच भत्त्यावर. तो भडकला. "वाईटच करायचं असतं तर 'बाई चोरून काम करते' म्हणालो असतो! आणि हे घर गेलं तर राहू कुठं, तुमच्या डोक्यावर?"

ट्रीनाच्या सासूनं, यांतजेनं, सूप पुढं केलं. "शनिवारीच दोन दिवसांचं करून ठेवलेलं आहे हो. रविवार देवाचा, आमच्याकडे सुईसुद्धा उचलत नाहीत."

"ट्रीनाही?" नेलानं विचारलं.

"माझ्या घरात कुणीच नाही."

"तिचा भत्ता अडलाय, ठाऊक आहे?"

म्हातारी पांढरीफटक पडली. "अडलाय? कसा?"

नेलानं पत्र टेबलावर ठेवलं. "ड्वेनचं खरं आहे. वैऱ्यानं घाव घातला असता. इथं बाकीची उत्तरं चोख आहेत, कुठं कुठं काम मागितलं तेही. फोन चुकू नये म्हणून जीव लावून केलाय हा. एकच 'नाही'. ट्रीना, प्रश्न पुरता सांग."

"'आठवड्याच्या प्रत्येक दिवशी कामाला तयार होतात का?'"

"प्रत्येक दिवशी!" यांतजे उसळली. "देवाच्या वारी कशी असेल तयार? बस चुकेल म्हणून पोरगी धावत सुटली, फोन राहिला असता. मी केला. खरं तेच सांगितलं!" मग ती सुनेकडे वळली. "मी तुझं वाटोळं केलं का गं?"

"म्हणजे चोर कुणीच नाही?" वीबे पुटपुटला.

"नियम नेहमीच्या कामाच्या दिवसांपुरता आहे, आजी," नेला म्हणाली. "रविवारी कारखाना बंदच असायचा. पण दुसऱ्याच्या नावानं फोन करणं चूकच. तुम्हाला कचेरीत येऊन ते कबूल करावं लागेल."

"तुरुंगात घालतील?"

"खोटं नाही सांगत, ठाऊक नाही. मी शेजारी बसेन."

यांतजेनं चर्चची टोपी चढवली. पावणेपाचला कचेरीच्या खिडकीशी उभं राहून, सुनेचा हात घट्ट धरून, ती स्पष्ट म्हणाली, "फोन मी केला." कारकुनानं ते लिहून घेतलं, अपिलावर शिक्का मारला. पंधरा दिवसांनी भत्ता सुरू झाला. म्हातारीला फक्त समज मिळाली.

मायबापहो, उद्या हात जोडाल तेव्हा एका घटकेपुरती यांतजेची आठवण काढा. तुरुंगाची भीती असताना खरं बोलायला ती स्वतःच्या पायांनी चालत गेली होती.