बघायला आलेली माणसं

जीप फाटकाशी थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली.

तृप्तीने खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. फेटेवाले आजोबा, नऊवारीतल्या दोन बायका, डबे, घोंगड्या, आणखी माणसं... बुकिंग होतं दोघांचं. चार वर्षांच्या ओवीला तिने आतल्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि शाल सावरत बाहेर गेली.

“यातले दोघं कोण?”

मागून एक उंच तरुण पुढे आला. जागरणाने डोळे लाल, पण आवाज मऊ. “मी कुंदन. मी आणि आई. बाकीची मंडळी बघायला आलीत.”

“काय बघायला? फ्लॅट?”

“वडलांना. पलीकडच्या हॉस्पिटलात आहेत... आयसीयूत.”

अशा माणसाला आकडा विचारणं तृप्तीच्या जिवावर आलं. पण गप्प बसूनही चालणार नव्हतं.

इंदिरानगरातल्या त्या सोसायटीत तिच्या दिराचे दोन फ्लॅट होते. वरचा ॲपवरून रोजच्या भाड्याने जायचा. नवरा गेल्यापासून खालच्यात ती आणि ओवी राहत होत्या, आणि त्या बदल्यात वरच्याची झाडलोट, किल्ली, पाहुणे सगळं तिच्या गळ्यात. दिवाळीत ‘चार जण’ म्हणून आलेल्या टोळक्याने वीस जण गोळा करून धिंगाणा घातला, तेव्हा चेअरमनकाकांनी बजावलं होतं, बुकिंगपेक्षा माणसं जास्त दिसली तर फ्लॅट बंद! आणि तो बंद झाला की दीर दोन्ही विकून मोकळा होणार. मग तृप्तीने जायचं सटाण्याला, भावाकडे. तिथे वहिनीने आधीच विचारून ठेवलं होतं, “येतेस, पण किती दिवस?”

म्हणून ती मोजायची. जिन्यातल्या चपला, दोरीवरचे टॉवेल, डोक्यावर वाजणारी पावलं.

“दादा, मला रोज संध्याकाळी खरा आकडा कळवायचा. किती आले, किती मुक्कामाला.”

“कळवतो. फक्त... दादा नका म्हणू.”

“का?”

“गावात सगळे तेच म्हणतात. कंटाळलोय.”

एवढ्या थंडीत तिचे कान तापले. हे काय आता, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

त्याचे निरोप मात्र नेमाने येऊ लागले. ‘आज मुक्कामाला तीन. शकुमावशी घोरते, तिला दोन धरा.’ ‘आज पाच होते, दोघांना घोटीच्या बसमध्ये बसवलं. रुसून गेलेत.’ तृप्ती वरची बाल्कनी न्याहाळून विचारायची, ‘मग तो चौथा कोण उभा आहे?’

‘तो मीच, तिसरा. तुमची खिडकी लागली का ते बघत होतो... थंडी आहे म्हणून.’

ती हसायची आणि लगेच आजूबाजूला बघायची. कुणी पाहिलं तर नाही?

एकदा जिन्यातच तिने त्याच्या हातात चहाचा कप दिला. “तुमच्या लोकांना सांगत का नाही, येऊ नका म्हणून? आयसीयूत सोडत तर नाहीत कुणाला.”

“आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर वाईट दिसतं आमच्यात.” कप त्याने दोन्ही हातांत धरला होता, शेकत बसल्यासारखा. “आणि अण्णा शुद्धीवर आले की एकच विचारतात, कोण कोण आलं? मी नावं सांगतो. सांगता सांगता त्यांचा श्वास जरा सरळ लागतो... का मलाच तसं वाटतं, कुणास ठाऊक.”

त्यानंतर तृप्तीने आकड्यावरून भांडण केलं नाही. शकुमावशीच्या मांडीवर बसून ओवी तांदळाची भाकरी खाताना दिसली, तेव्हाही तिने नेहमीसारखं धावत जाऊन तिला ओढून आणलं नाही.

रविवारी जीपमधून नऊ माणसं उतरली. आणि नेमके चेअरमनकाका फाटकात.

“ही जत्रा कसली?” ते कडाडले.

शकुमावशी पदर खोचून पुढे झाली. “जत्रा नाय वो. आमी बघाया आलोय.”

काकांची नजर मावशीवरून कुंदनकडे गेली, कुंदनवरून तृप्तीकडे. ती तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली, चांगली साडी नेसून. कारण एवढंच, की बाकीचे कपडे धुवायला होते.

“अस्सं!” काका एकदम विरघळले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! ऐकलंस का गं, खुर्च्या पाठव. तृप्तीला बघायला आलेत!”

कुंदनने तोंड उघडलं. तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं — आणि ते मिटलं. फाटकात नऊ माणसं, बुकिंग दोघांचं... खरं बोलायचं तर कुठल्या तोंडाने?

काकू खुर्च्यांच्या मागोमाग आल्याच. “मुलगी आजोळी राहील ना?” त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू.

“आईला सोडून कशाला राहील?” कुंदन म्हणाला. “आमच्याकडेच असणार.”

तृप्तीने चहाचा ट्रे घाईने काकूंपुढे धरला.

मंडळी वर गेल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं. “धडधडीत खोटं बोललात.”

“एक अक्षर खोटं नाही. मावशी बघायला आलोय म्हणाली, ते खरंच आहे.”

“आणि ओवीचं?”

तो कठड्याचा रंग खरवडू लागला. “ते... आधी तोंडातून गेलं. विचार नंतर केला.”

“मग? विचार करून काय ठरलं?”

त्याने मान वर केली, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हॉस्पिटलचा होता. तो अनवाणीच पळाला.

अण्णा त्या दुपारीच गेले.

निघताना कुंदनने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. ती काहीतरी बोलली, पण त्याला ऐकूच येत नव्हतं. त्या संध्याकाळी आकडा आला नाही. वरची पावलं थांबली होती, तरी तृप्ती छताकडे कान लावून बसली.

मग सोसायटीत कुजबुज सुरू झाली. भाजीच्या गाडीपाशी ती गेली की बोलणं थांबायचं. “आधी नवरा... आता होणारा सासरा. बघायला काय आले, त्याच दिवशी! पायगुण म्हणतात तो हाच.” पुढचा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला नाही. तो तिने घरात ऐकला.

मोरीत ती पाय धूत होती. ओवी शेजारी उकिडवी बसली, वाकून वाकून बघत. “आई, तुझे पाय कुठे पांढरे आहेत गं?”

“कोण म्हणालं?”

“काकू. त्या म्हणाल्या, पांढऱ्या पायाची.”

तृप्तीने नळ बंद केला. पाय पुसले. ओवीचा हात धरून ती सरळ वर गेली आणि काकांची बेल दाबली.

“काका, ती माणसं मला बघायला आलीच नव्हती. त्यांच्या आजारी माणसाला बघायला यायची. बुकिंग दोघांचं होतं आणि रविवारी नऊ जण होते. मी मोजले होते आणि गप्प बसले, घर जाईल म्हणून.” तिने आत उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. “त्यांची फुप्फुसं निकामी झाली होती, काकू. माझे पाय तिथवर पोचलेच नव्हते.”

फ्लॅट बंद झाला. दिराचा फोन आला, महिनाअखेर घर मोकळं करून दे. तृप्तीने खोकी आणली. ओवीची खेळणी भरताना ती रडली, मग भांडी भरताना रडायची थांबली.

जीप पुन्हा आली, तेव्हा खोकी दाराबाहेर रचलेली होती.

कुंदन फाटकाबाहेरच उभा राहिला. रामकुंडावरून दहाव्याचे विधी करून आला होता. मुंडण केलेलं डोकं, ओला सदरा, ओठ निळसर पडलेले. जीपमध्ये त्याची आई होती.

“आत येत नाही. सुतक आहे.” त्याची नजर खोक्यांवर गेली. “हे काय?”

“सटाण्याला चाललोय. काकांना खरं सांगून टाकलं मी.”

“सगळं नाही सांगितलंत.”

“म्हणजे?”

“बाकीचे अण्णांना बघायला यायचे.” तो जमिनीकडे बघत राहिला. “मी... अण्णांना, आणि तुम्हाला.”

 वाऱ्याने फाटकाची कडी हलत होती.

“गावाकडे आमची भाताची गिरणी आहे, तिच्यासमोर शाळा आहे,” तो घाईघाईने म्हणाला. “रोजच दिसते. या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिली. आवाराला भिंत आहे, फाटकावर माणूस असतो. ओवीला बरी पडेल.”

“मी अजून हो म्हटलं नाहीये.”

“माहितीये. पण पोरीला शाळा तर लागेलच ना?”

तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. “तुमच्या आईचं काय?”

“आई म्हणते, गेलेल्या माणसाच्या घरी लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी?” त्याने दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून जबडा आवळला. “मला थंडी वाजतेय.”

जीपमध्ये त्याची आई पदराने डोळे पुसत होती. तिने तृप्तीकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. आपल्या बाल्कनीत काकू येऊन उभ्या राहिल्या, मग शेजारच्या बाल्कनीत आणखी कुणी. तृप्तीने गळ्याभोवतीचा लोकरीचा स्कार्फ सोडला. लाल होता. फाटक ढकलून ती बाहेर आली.

“अहो, लांब राहा,” कुंदन मागे सरकला. “सुतक घरच्यांनाच असतं. शिवलात तर तुम्हालाही लागेल...”

तिने टाचा उंचावल्या आणि त्याच्या उघड्या डोक्यावरून, कानांवरून स्कार्फ नीट गुंडाळला.

“लागू दे,” ती म्हणाली.