इझेल रकरचा आवाज

डेट्रॉइटचा नोव्हेंबरातला पाऊस पडत नाही, टोचतो. अशाच पावसात मी इझेल रकरच्या अंत्यविधीला गेले. चर्चमध्ये जेमतेम दोन बाकं भरली होती. ज्याच्या गाण्यावर एके काळी शहरभरची पोरं-पोरी एकमेकांना बिलगून नाचली, त्याच्यासाठी... दोन बाकं!

मी त्याला कधी भेटले नव्हते. मावशीकडे त्याच्या गाण्याची एक तबकडी होती. दाराबाहेर उभा राहून तो बायकोला विनवतो, मला आत घे म्हणून... ती ऐकतच मी मोठी झाले. माझ्या मैत्रिणी नव्या गाण्यांवर उड्या मारायच्या, आणि मी माझ्या जन्माआधीच्या त्या आवाजावर जीव टाकून बसलेली.

विधीनंतर तळघरातल्या हॉलमध्ये जेवण होतं. मी कोपऱ्यात डोळे पुसत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं,

"रडून झालं असेल तर चिकन घ्या. गार होतंय."

माझ्या हातातली प्लेट निसटता निसटता राहिली. तोच आवाज! तोच खर्ज, शेवटच्या शब्दावर तसाच किंचित फाटणारा... मी वळले. उंच, सडपातळ तरुण. डोळे मात्र अगदी कोरडे.

"मी थॅडियस. त्यांचा मुलगा. आणि तुम्ही बाबांच्या कोण? बाबांच्या सगळ्या बायका मला माहीत नाहीत, म्हणून विचारतो."

"मी रेनीटा. चाहती आहे त्यांची!"

"अरे वा, म्हणजे एक शिल्लक आहे तर!"

"हसताय काय? तुमच्याकडे तर त्यांची सगळी गाणी असतील."

"एकही नाही." त्यानं माझ्या प्लेटमध्ये चिकनचा मोठा तुकडा वाढला. "मी रांगत होतो तेव्हा ते गायला म्हणून गेले. दाराबाहेर उभं राहून विनवणं वगैरे फक्त गाण्यात हं. आमच्या दारात कधी फिरकले नाहीत."

मी तो तुकडा खाऊन संपवला. निघताना त्यानं मला त्याच्या गाडीतून घरी सोडलं. मग पुढच्या शनिवारीही आला... तो टोलीडोच्या काचकारखान्यात होता, तिथून गाडी हाकत यायचा, मग आम्ही कुठेतरी जेवायला जायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"थॅड, मेनू मोठ्यानं वाच ना."

"का? तुला वाचता येत नाही?"

"येतं. पण तू वाचलास की जास्त भूक लागते."

तो ओठ चावून हसायचा आणि वाचायचा. मी ऐकत राहायची. आम्ही निघण्याआधी तो गुपचूप गाडीच्या माझ्या बाजूच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवायचा... त्याकडे माझं फारसं लक्षच नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा आम्ही नदीकाठी गाडीत बसलो होतो. बाहेर नुसतं करडं आभाळ.

"एकदाच गा ना," मी म्हटलं. "ते गाणं."

त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. मग गायला. एकच कडवं. मी डोळे मिटले होते, गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे उघडले, तर तो माझ्याकडेच बघत होता.

"रेनीटा, आत्ता तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? मी... की ते?"

'तू' म्हणायचं होतं. एक अक्षर! पण ते खरं नव्हतं, आणि जीभ उचलेना.

त्यानं मला दारापर्यंत सोडलं. "जप," एवढंच म्हणाला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन नुसता वाजत राहायचा.

एका संध्याकाळी मी तबकडी लावली. कुणीतरी एक माणूस कुणाला तरी विनवत होता... मी ती मध्येच बंद केली.

मग बस पकडून टोलीडोला गेले. कारखान्याच्या फाटकाशी तो दिसला, डबा घेऊन येताना. मला बघून थबकला.

"आवाज हवा असेल तर घरी तबकडी आहे तुझ्याकडे."

"आहे. ऐकवेना." मी धीर एकवटला. "थॅड, त्या दिवशी गाडीत तेच होते. पहिल्या दिवसापासून तेच होते. खोटं नाही बोलणार. पण तू यायचा थांबलास, आणि मला आठवत राहिलं ते तुझं ओठ चावून हसणं... वाकून काचा साफ करणं. त्यात आवाज कुठे होता? तू पुन्हा कधी गाऊ नकोस. बोललाही नाहीस तरी चालेल. पण... तू हवायस मला."

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. आत भोंगा झाला.

"माझी शिफ्ट सुरू होतेय. सुटायला अंधार पडेल."

"थांबेन."

"थंडी आहे."

"थांबेन म्हटलं ना!"

त्यानं स्वतःचे हातमोजे काढले आणि माझ्या हातांवर चढवले, एकेक बोट नीट बसवत. त्या ढगळ मोज्यांतले माझे हात त्यानं क्षणभर तसेच धरून ठेवले... मग काही न बोलता आत गेला.